क्रियापद कर्त्याचे नव्हे, प्रथमेचे ऐकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात आइसलँडिक भाषेची ओळख करून देणारा लेख वाचला. जेमतेम चार लाख लोकवस्तीच्या बेटाच्या भाषेला एका मराठी वृत्तपत्राने अर्धे पान द्यावे, याचा मला मनापासून आनंद झाला. लेखातील इतिहासाचा भाग नेटका आहे. व्याकरणाच्या परिच्छेदात मात्र एक विधान असे आले आहे, की ते तसेच राहिले तर आइसलँडिकविषयी गैरसमज होईलच, शिवाय मराठीविषयीचा आपला एक जुना गैरसमजही पक्का होईल. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की आइसलँडिकमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे व वचनाप्रमाणे बदलते आणि मराठीसारखा ‘कधी कर्ता, कधी कर्म’ असा गोंधळ तिथे नाही. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ज्याला लेखक गोंधळ म्हणतात, तो तिथेही आहे, आणि तो गोंधळ मुळीच नाही.

मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. मुलगी आणि जावई काही वर्षांपासून रेक्याविकमध्ये असतात, आणि गेल्या उन्हाळ्यात पाच महिने मी त्यांच्याकडे होते. त्या काळात नातीच्या शाळेच्या पुस्तकांवरून आणि एका शेजारीणबाईंच्या चिकाटीमुळे ही भाषा जेवढी पदरात पडली, तेवढीच माझी शिदोरी. पुढील आइसलँडिक शब्द देवनागरीत जवळच्या उच्चाराने लिहिले आहेत.

लेखात दिलेले उदाहरणच घेऊ: ‘म्येर लीका बायकुर्नार’, म्हणजे ‘मला ती पुस्तके आवडतात’. (‘बायकुर’ म्हणजे पुस्तके, मराठी वाचकाने भलताच अर्थ घेऊ नये.) लेखक सांगतात, की कर्ता ‘मी’ असल्यामुळे ‘लीका’ हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. चूक कशी झाली असेल, हे समजण्यासारखे आहे. आइसलँडिकमध्ये बोलणे या अर्थाचे साधे क्रियापद असे चालते: येग ताला, थू तालार, हान तालार, विद तोलुम, थिद तालिद, थेइर ताला, म्हणजे मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. यात ‘मी’चे रूप आणि ‘ते’चे रूप एकच आहे. त्यामुळे ‘लीका’ हे नुसते पाहिले तर ते प्रथमपुरुषी एकवचन आहे की तृतीयपुरुषी अनेकवचन, हे रूपावरून कळत नाही. ते वाक्य हलवून पाहिले की कळते. पुस्तक एकच ठेवा: ‘म्येर लीकार बोकिन’. ‘मला’ होते तिथेच आहे, तरी क्रियापद बदलले. आता पुस्तके अनेक ठेवून माणूस बदला: ‘होनुम लीका बायकुर्नार’, ‘थ्येर लीका बायकुर्नार’, म्हणजे त्याला आवडतात, तुला आवडतात. माणूस बदलला, पण क्रियापद जागचे हलले नाही. म्हणजे क्रियापदाचे लक्ष ‘मला’कडे नाही, पुस्तकांकडे आहे. मराठीत ‘मला पुस्तक आवडते’ आणि ‘मला पुस्तके आवडतात’ असे म्हणताना आपण नेमके हेच करतो आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसतो.

इथे कोणी म्हणेल, की मग ‘म्येर’ हा कर्ताच नाही, पुस्तके हाच कर्ता. तेव्हा लेखकाचा नियम शाबूत राहतो. ही पळवाट आइसलँडिकपुरती तरी बंद झालेली आहे. आनी झेनन, जोन मेलिंग आणि होस्कुल्दुर थ्राउइन्सन या तिघांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आइसलँडिकमधले असे चतुर्थीतले शब्द एकेका कसोटीवर घासून दाखवले आणि ते वाक्यात सर्व बाबतींत कर्त्यासारखेच वागतात हे सिद्ध केले. फरक एवढाच, की त्यांची विभक्ती प्रथमा नसते. त्यांतली एक कसोटी मराठी वाचकाला सहज पटेल. ‘हेन्नी थिकिर ब्रोदिर सिन्न लेइदिन्लेगुर’ या वाक्याचा मराठी अर्थ शब्दाला शब्द लावून होतो: ‘तिला आपला भाऊ कंटाळवाणा वाटतो’. आपल्या ‘आपला’प्रमाणे तिथला ‘सिन्न’ हा शब्दही सामान्यतः वाक्यातल्या कर्त्याकडेच बोट दाखवतो, आणि इथे ते बोट ‘हेन्नी’कडे, म्हणजे ‘तिला’कडे जाते. तरीही ‘थिकिर’ हे क्रियापद भावाप्रमाणे चालले आहे, कारण प्रथमेत तोच एकटा आहे. कर्तेपण एकाकडे आणि क्रियापदाची लगाम दुसऱ्याच्या हाती, अशी ही वाटणी आहे.

नियम एका ओळीत सांगायचा तर असा, की वाक्यात प्रथमा विभक्तीत जो असेल त्याच्यामागे क्रियापद जाते. तो वाक्याच्या आरंभी असण्याचीही गरज नाही. ‘थाद कोमु त्वेइर हेस्तार’ म्हणजे दोन घोडे आले. यातला ‘थाद’ हा वाक्याच्या तोंडाशी बसवलेला रिकामा शब्द आहे, नपुंसकलिंगी आणि एकवचनी. तरी ‘कोमु’ हे अनेकवचन, कारण मागून येणारे घोडे प्रथमेत आहेत.

आणि प्रथमेत कोणीच नसेल तर? तेव्हा क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनात जाऊन स्वस्थ बसते आणि त्याच्या सोबतचे धातुसाधित नपुंसकलिंगी एकवचन घेते. आपल्या शाळेतला भावे प्रयोग तो हाच. ‘स्तेल्पुर्नार वोरु कोस्नार’, म्हणजे मुली निवडल्या गेल्या. इथे मुली प्रथमेत आहेत, म्हणून क्रियापद अनेकवचनी आणि धातुसाधित स्त्रीलिंगी अनेकवचनी. पण वाचवणे या अर्थाच्या क्रियापदाला तिथे चतुर्थी लागते आणि कर्मणी रचनेतही ती चतुर्थी सुटत नाही. म्हणून ‘स्तेल्पुनुम वार ब्यार्गाद’, अर्थात ‘मुलींना वाचवण्यात आले’. मुली कितीही असोत, ‘वार’ एकवचनीच आणि ‘ब्यार्गाद’ नपुंसकलिंगीच, आपल्या ‘आले’सारखे. ज्यांनी वर्गात भावे प्रयोग शिकवला आहे, त्यांना हे वाक्य पाहून परक्या गावात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. मला तरी तसे वाटले.

हा गुण काही आइसलँडिकने आणि मराठीने एकमेकींकडून उचललेला नाही. पाणिनीने ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ या सूत्रात (1.4.33) आवडणे या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला आवडते त्याला संप्रदान म्हटले आणि त्यामुळे चतुर्थी दिली. परंपरेने चालत आलेले त्याचे उदाहरण आहे ‘देवदत्ताय रोचते मोदकः’. मोदक दोनापेक्षा अधिक झाले की ‘मोदकाः रोचन्ते’. क्रियापद मोदकांच्या मागे, देवदत्त चतुर्थीत. गोव्यात ‘म्हाका पुस्तकां आवडटात’ म्हणतात, तेही याच वळणाचे. तेव्हा मराठीतली ही रचना म्हणजे ‘कर्त्याशी न जुळणारा अपवाद’ असे जे आपल्याकडे अजूनही ऐकू येते, त्यात तथ्य नाही. विभक्तीचा हिशेब धरला की ती शुद्ध नियमानेच चालते. गोंधळ वाटतो, तो आपण ‘कर्ता’ या एका शब्दावर दोन कामे लादल्यामुळे.

चतुर्थीचा विषय निघालाच आहे, तर एक घरातली गोष्ट सांगते. माझी नात सहा वर्षांची आहे. एका दुपारी ती स्वयंपाकघरात येऊन शेजारीणबाईंना म्हणाली, ‘म्येर लांगार इ इस’, मला आइस्क्रीम हवे आहे. बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘मिग लांगार’. नातीने ‘मिग’ म्हणेपर्यंत आइस्क्रीमचा डबा उघडला नाही. ‘मिग’ म्हणजे ‘मला’च, पण द्वितीयेतले. हवेसे वाटणे, उणीव असणे, स्वप्न पडणे अशा काही क्रियापदांबरोबर आइसलँडिकमध्ये परंपरेने द्वितीया लागते, आणि अनेक लोक, विशेषतः मुले, तिच्या जागी आवडण्याच्या क्रियापदाप्रमाणे चतुर्थी घालतात. या सवयीला तिथे ‘थाउगुफाल्ससीकी’ असे नाव आहे. त्याचा सरळ अर्थ ‘चतुर्थीचा रोग’. आपल्याकडे चतुर्थीला उपवास करतात, तिकडे तिची लागण होते! अलीकडे भाषेचे अभ्यासक ‘रोग’ हा शब्द टाळून ‘चतुर्थीकडे कल’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरतात, आणि मला तेच योग्य वाटते, कारण मूल जेव्हा ‘म्येर लांगार’ म्हणते तेव्हा ते नियम मोडत नसते, एका मोठ्या नियमात एक लहान नियम विरघळवत असते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते हे, की ‘मिग’ म्हणा वा ‘म्येर’ म्हणा, ‘लांगार’ तसेच राहते. प्रथमेत कोणी नाही, म्हणून क्रियापदाला दोन्हींचे सोयरसुतक नाही.

विभक्ती मुलांच्या तोंडी बसवण्याची त्यांची रीतही ऐकण्यासारखी आहे. आपण ‘स, ला, ते’ घोकत आलो. तिथली मुले ‘ह्येर एर हेस्तुर, उम हेस्त, फ्राउ हेस्ती, तिल हेस्त्स’ असे म्हणतात: इथे घोडा आहे, घोड्याविषयी, घोड्यापासून, घोड्याकडे. चार विभक्त्या, चार आधार, एक घोडा. नात हे बसमध्ये मोठ्याने म्हणायची आणि पुढच्या बाकावरचे आजोबा मागे न वळता शेवटचे ‘हेस्त्स’ तिच्याबरोबर म्हणायचे.

आता लिंगाकडे येते, कारण मूळ लेखात त्याचा उल्लेखच नाही आणि दोन भाषांतले खरे नाते मला तिथे दिसले. आइसलँडिकमध्ये मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत. आख्याताचे, म्हणजे वाक्य पुरे करणाऱ्या मुख्य क्रियापदाचे, रूप लिंगाप्रमाणे बदलत नाही, पण विशेषणे आणि धातुसाधिते बदलतात. ‘तो आला आहे, ती आली आहे, ते आले आहे’ याला तिथे ‘हान एर कोमिन्न, हून एर कोमिन, थाद एर कोमिद’. अनेकवचनात ‘ते आले आहेत, त्या आल्या आहेत, ती आली आहेत’ याला ‘थेइर एरु कोम्निर, थाइर एरु कोम्नार, थोय एरु कोमिन’. या दोन रांगा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. मराठीत ‘आली’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचनाचे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचे, दोन्हींचे आहे. आइसलँडिकमध्ये ‘कोमिन’ही नेमके त्याच दोन घरांत आहे. मी दोनदा तपासले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासले. दोन्ही भाषा या ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी पोहोचल्या आहेत. आपल्याकडे तर जुन्या लेखनात ‘मुलें आलीं’ असा अनुस्वार असे आणि तो फरक डोळ्यांना दिसे. तरीही तुकडा तुकड्याशी असा बसतो, की कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

स्त्री आणि पुरुष एकत्र आले की काय करायचे, यावरही दोन्ही भाषांचा एकच तोडगा आहे: नपुंसकलिंगी अनेकवचन. ‘ते दोघे, त्या दोघी, ती दोघे’ याला तिथे ‘थेइर त्वेइर, थाइर त्वाइर, थोय त्वो’. संख्याशब्दसुद्धा लिंगाप्रमाणे वळतो. भाऊ आणि बहीण मिळून आपली ‘भावंडे’ नपुंसकलिंगी, तशीच त्यांची ‘सिस्तकिनी’ नपुंसकलिंगी. आपले ‘जोडपे’, तसे त्यांचे ‘ह्योन’. आणि सर्वांत गोड जोड्या म्हणजे बाप-मुलगा ‘फेद्गार’, पुल्लिंगी अनेकवचन; आई-मुलगी ‘माइद्गुर’, स्त्रीलिंगी अनेकवचन; बाप-मुलगी ‘फेद्गिन’ आणि आई-मुलगा ‘माइद्गिन’, दोन्ही नपुंसकलिंगी. बापलेक आले, मायलेकी आल्या, मायलेकरे आली! हे शब्द ज्या भाषेत जिवंत आहेत, तिच्या व्याकरणाला कोरडे म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. आपल्याकडे मात्र ‘ती दोघे आली’ हे रूप शहरी बोलण्यातून निसटू लागले आहे आणि नवरा-बायकोंनाही सर्रास ‘ते दोघे आले’ म्हटले जाते. आपल्याच दैनिकात ‘आजी-आजोबा भारावली’ असे वाचल्याला मला बरीच वर्षे झाली. ‘भारावले’ चूक आहे, असे मी म्हणणार नाही, दोन्ही चालते. पण जे चालते त्यातले एक विसरले जात आहे.

तिथेही याच जागेवर वाद चालू आहे, फक्त उलट्या दिशेने. सर्वांना उद्देशून बोलताना परंपरेने पुल्लिंगी अनेकवचन वापरतात: ‘आत्लिर वेल्कोम्निर’. यात स्त्रिया वगळल्यासारख्या वाटतात, म्हणून अनेक जण आता ‘ओत्ल वेल्कोमिन’ असे नपुंसकलिंगी अनेकवचन वापरू लागले आहेत. मुलीच्या घराजवळच्या वाचनालयाच्या दारावर एकाच आठवड्यात एक फलक पहिल्या रूपातला आणि दुसरा दुसऱ्या रूपातला पाहिला. आपण ‘सर्वांचे स्वागत’ म्हणून षष्ठीच्या आडोशाला उभे राहतो, म्हणून आपल्यावर ही वेळ आली नाही. मात्र पदनामांच्या बाबतीत मराठी अधिक मोकळी आहे. 1980 साली विग्दिस फिन्नबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या. राष्ट्राध्यक्ष या अर्थाचा ‘फोर्सेती’ हा शब्द पुल्लिंगी असल्यामुळे त्या पदनामाला लागणारे विशेषण पुल्लिंगी येते, आणि त्यांचे नाव घेतले की स्त्रीलिंगी. आपण ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ असे सहज म्हणून मोकळे होतो.

दोन भाषा सर्वस्वी एक आहेत असे मला सुचवायचे नाही. एक फरक तर मोठा लक्षणीय आहे. ‘तिला आम्ही आवडतो’, ‘तिला तू आवडतोस’ ही मराठी वाक्ये निर्दोष आहेत. प्रथमेतले ‘आम्ही’ किंवा ‘तू’ क्रियापदाला आपला पुरुषही देतात. आइसलँडिकमध्ये चतुर्थीतला कर्ता असताना प्रथमेतल्या शब्दाला क्रियापदावर फक्त वचनाचा हक्क आहे, पुरुषाचा नाही. ‘हेन्नी लेइद्दुस्त थेइर’, तिला ते कंटाळवाणे वाटले, हे चालते. त्या ‘ते’च्या जागी ‘आम्ही’ घालून क्रियापद प्रथमपुरुषी केले की वाक्य मोडते. मी शेजारीणबाईंना तसे वाक्य करून दाखवले, तेव्हा त्यांनी तोंड आंबट केले आणि ‘तिला आम्ही आवडतो’साठी ‘हेन्नी लीकार वेल विद ओक्कुर’ अशी वेगळीच रचना दिली. त्यात ‘आम्ही’ला शब्दयोगी अव्ययाच्या मागे द्वितीयेत ढकलले आहे, प्रथमेत कोणी उरले नाही, ‘लीकार’ एकवचनात निवांत! शिवाय वचनाच्या जुळणीतही तिथे बोलणाऱ्यांमध्ये फरक आहे. ‘मला ते संगणक कुरूप वाटतात’ या अर्थी कोणी ‘म्येर फिन्नास्त तोल्वुर्नार ल्योतार’ म्हणतात, तर कोणी ‘फिन्स्त’ असे एकवचन ठेवतात. (‘तोल्वा’ म्हणजे संगणक, आकडा आणि भविष्य सांगणारी स्त्री या दोन शब्दांपासून घडवलेला शब्द. आपला ‘संगणक’ त्यापुढे फारच अरसिक वाटतो.)

उलटपक्षी, मराठीचीही एक करामत आइसलँडिकला साधत नाही. ‘तू आंबा खाल्लास, तू कैरी खाल्लीस’. लिंग आंब्याचे आणि कैरीचे, पण शेवटचा ‘स’ तुझा. एकाच क्रियापदाने दोन धन्यांची चाकरी करावी, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ‘मी आंबा खाल्ला’ यातला ‘मी’ प्रथमेतला दिसतो, मग क्रियापद आंब्यामागे का, असे विद्यार्थी नेहमी विचारत. उत्तर जुन्या मराठीत आहे: ‘म्यां आंबा खाल्ला’. ती तृतीया होती. रूप झिजले, हक्क मात्र परत आला नाही.

जाता जाता एक आठवण नोंदवते. आइसलँडिकचे व्याकरण 1811 साली डॅनिश भाषेत लिहिणारा रास्मुस रास्क हा पंडित 1820 मध्ये मुंबईत आला होता. पारशी समाजाकडून अवेस्ताची हस्तलिखिते मिळवणे, हा त्याचा उद्देश. भाषांचे नाते शब्दांवरून नव्हे, तर रूपांवरून ओळखावे, हा त्याचा आग्रह होता. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण निघाले 1836 साली, रास्क वारल्यानंतर चार वर्षांनी.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढच्या रविवारी, शक्य झाल्यास, ‘म्येर लीका बायकुर्नार’मधले ‘लीका’ हे प्रथमपुरुषी एकवचन नसून तृतीयपुरुषी अनेकवचन आहे, आणि ते पुस्तकांमुळे आले आहे, एवढी दुरुस्ती छापावी. आणि त्या परिच्छेदाचे ‘मराठीसारखा गोंधळ नाही’ हे उपशीर्षक निदान संकेतस्थळावरच्या प्रतीतून तरी काढावे. लेख नातीला वाचून दाखवायचा आहे, आणि ती उपशीर्षके आधी वाचते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, सांगली